डॉ. यशवंत फुले यांच्या घरची माणसं



साथींच्या इतिहासात कायदे आणि साहेबच फार. १८९७ च्या पुण्यातल्या प्लेगची गोष्ट प्लेग अधिकारी रँडपासून सुरू होते आणि २२ जूनला गणेशखिंडीच्या रस्त्यावर त्याच्यावर झाडलेल्या गोळ्यांपाशी थांबते. त्याच साथीत हडपसरजवळ सासन्यांच्या माळावर एक तरुण डॉक्टर रोगी तपासत होता. आपल्या या परिषदेचा विषय घराण्यांचा इतिहास असल्याने आधी त्याच्या घरात डोकावायला हवं.

डॉ. यशवंत हे जोतीराव आणि सावित्रीबाईंचे दत्तक पुत्र. फुले दांपत्याच्या आश्रयाला आलेल्या एका ब्राह्मण विधवेचं हे मूल त्यांनी १८७४ मध्ये पदरात घेतलं. १८८७ च्या मृत्युपत्रात जोतीरावांनी त्यालाच वारस नेमलं. ४ फेब्रुवारी १८८९ रोजी ज्ञानोबा सासने यांची मुलगी राधा हिच्याशी त्याचं सत्यशोधक पद्धतीने लग्न झालं. लग्नाआधीच सावित्रीबाईंनी राधाला घरी आणून ठेवलं होतं, मुलामुलीची ओळख व्हावी म्हणून. त्या काळात ही केवढी मोठी गोष्ट! पुढच्याच वर्षी जोतीराव गेले. दत्तकाच्या हक्कावरून भाऊबंदांनी वाद घातला, तेव्हा टिटवं धरून अंत्ययात्रेपुढे चालल्या त्या सावित्रीबाई. १८९५ मध्ये राधाही गेली.

यशवंत लष्करात डॉक्टर होते. प्लेग आला तसं आईने त्यांना बोलावून घेतलं. दवाखाना उभा राहिला तो गावकुसापासून दूर, राधाच्या माहेरच्या जमिनीवर. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या गायकवाडांच्या आजारी पोराला सावित्रीबाईंनी पाठीवर घालून तिथे आणलं. पोरगा वाचला. सावित्रीबाईंना मात्र लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या.

डॉक्टर पुन्हा नोकरीवर गेले. १९०५ मध्ये प्लेगनेच त्यांचाही बळी घेतला. मागे राहिल्या दुसऱ्या पत्नी चंद्रभागाबाई आणि लहानगी लेक सोनी. पोटासाठी चंद्रभागाबाईंना राहतं घर विकावं लागलं. त्यांच्या अखेरीला अंत्यसंस्कार केले ते नगरपालिकेने. एवढ्या मोठ्या घराची ही परवड महाराष्ट्राने ताठ मानेने सांगावी अशी खचितच नाही.

वऱ्हाडातही अशी घरं असतील. कुणाचे पणजोबा गावोगाव देवी काढत फिरले असतील, कुणाच्या आजीने प्लेगात शेतातल्या झोपडीत बाळंतपणं केली असतील. त्यांचे दाखले, पत्रं, नेमणुकीचे हुकूम अजून माळ्यावरच्या पेटीत पडून असतील. ते या परिषदेत आणावेत, सोबत घरातल्या बायांची नावंही लिहून आणावीत. नोंदणीच्या टेबलाशेजारी फोटो काढायची सोय केली आहे. मूळ कागद लगेच ज्याचा त्याला परत मिळेल.