बोलण्याआधी परवानगी?

(घनसावंगी येथील भाषण)

हा मुलूख निजामी राजवटीत असताना ‘गश्ती निशाण ५३’ अन्वये सभेस पूर्वपरवानगी लागे. शेजारच्या परतूरला १९३७ साली महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले, ते याच जाचात. बोलण्याआधीच तोंड बांधणे ही जुलमाची खूण होय.

मग मर्यादा मुळीच नको काय? जॉन स्टुअर्ट मिलने १८५९ साली उत्तर दिले : धान्याचे व्यापारी गरिबांना उपाशी मारतात, असे खुशाल छापावे, व्यापाऱ्याच्या दारात खवळलेल्या जमावापुढे तेच बोलणे मात्र दंडनीय ठरू शकते. केदारनाथ सिंह खटल्यात (१९६२) सर्वोच्च न्यायालयानेही राजद्रोहाचे कलम हिंसा व अव्यवस्थेच्या चिथावणीपुरतेच सीमित केले.

कसोटी मताची नव्हे, अपायाची हवी. आधी परवानगी मागून जे मिळते ती सवलत. तिला हक्क म्हणता येत नाही.