न बोलता शिकवणारा खेळ

मुलांनो, आज तुम्हाला एका खेळाची गोष्ट सांगणार आहे. मैदानातला खेळ नव्हे, टीव्हीच्या पडद्यावरचा. त्याचं नाव ‘सुपर मारिओ ब्रदर्स’. तुम्ही खेळला नसाल तर आईला नाहीतर मामाला विचारा, बहुतेक त्यांना ठाऊक असेल. कविता लिहिणारा, पन्नाशी कधीच ओलांडलेला माणूस या विषयावर का बोलतोय, असं तुम्हाला वाटेल. त्याचं कारण शेवटी सांगतो. त्यात माझी एक चूक आहे.

जपानमध्ये क्योटो नावाचं जुनं शहर आहे. तिथे 1889 साली एक लहानसा कारखाना निघाला. फुलांची चित्रं असलेले पत्ते तिथे हातानं बनवत. त्या कारखान्याचं नाव निन्टेंडो. पुढे पत्त्यांवरून खेळणी आणि खेळण्यांवरून व्हिडिओ गेम, असा त्यांचा प्रवास झाला. शिगेरु मियामोतो नावाचा तरुण 1977 साली तिथे कामाला लागला. त्याचं बालपण क्योटोजवळच्या सोनोबे या गावात गेलेलं. लहानपणी हिंडताना त्याला एक गुहा सापडली होती आणि कंदील घेऊन तो तिच्यात शिरला होता. मारिओच्या खेळात नळातून खाली उतरलं की जमिनीखाली नाण्यांनी भरलेली खोली लागते. ती पाहताना मला तो कंदीलवाला मुलगा आठवतो.

मारिओला मिशी का आहे, सांगा बरं? 1981 साली ‘डाँकी काँग’ या खेळात तो पहिल्यांदा आला, तेव्हा चित्र काढायला मोजकेच ठिपके हाताशी होते. एवढ्या ठिपक्यांत तोंड कसं दाखवणार? म्हणून मिशी. केस नीट दिसेनात, म्हणून टोपी. पळताना हात हललेले कळावेत, म्हणून अंगात सदऱ्याहून वेगळ्या रंगाची डांगरी. तेव्हा तो सुतार होता, पुढे नळ दुरुस्त करणारा झाला.

सप्टेंबर 1985 मध्ये जपानात ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ आला. अशा खेळांना प्लॅटफॉर्म गेम म्हणतात. इथे प्लॅटफॉर्म म्हणजे रेल्वेचा फलाट नव्हे, उडी मारून चढायची जागा. ओटा म्हणा हवं तर. राजकन्येला एका अजस्र कासवानं पळवलंय आणि मारिओ तिला शोधतोय, एवढीच कथा. आठ जगं, प्रत्येकाचे चार भाग. चौथ्या भागात किल्ला. एवढे कष्ट करून किल्ला जिंकावा, तर आत राजकन्या नाहीच, ती दुसऱ्या किल्ल्यात आहे असा निरोप मिळतो. असं एकदा नाही, सात वेळा होतं!

मला मात्र सगळ्यात आवडतो तो या खेळाचा पहिला भाग. खेळ सुरू झाल्यावर पडद्यावर एकही सूचना येत नाही. मारिओ डाव्या कडेला उभा, तोंड उजवीकडे, आणि उजवीकडे सगळं मोकळं. न सांगता कळतं की तिकडे जायचं. चार पावलं टाकली की समोरून एक बुटका, तपकिरी, रागीट प्राणी चालत येतो. तुम्ही पाहत उभे राहिलात तर धडकतो आणि एक जीव गेला. पण नुकसान किती, तर चार-पाच सेकंदांचं. पुन्हा सुरुवातीपासून या, या खेपेला उडी मारा. चुकून त्याच्या डोक्यावर पडलात तर तोच चपटा होतो. झाले दोन धडे.

पुढची युक्ती तर फार गमतीची आहे. वर प्रश्नचिन्हाचा चौकोन लुकलुकतो. खालून डोकं मारलं की त्यातून अळंबी निघते. आता आधीचा प्राणीही अळंबीसारखाच दिसत होता, त्यामुळे नवीन मूल घाबरणारच. ही अळंबी चांगली आहे हे त्याला कसं सांगायचं? मियामोतो आणि त्याच्या सोबत्यांनी असं केलं की अळंबी आधी उजवीकडे जाते, खाली पडते, नळावर आपटते आणि उलट मारिओकडेच येते. पळायला उडी मारावी तर डोक्यावर विटांची रांग. विटेला आपटून खाली येता, बहुधा अळंबीवरच. आणि मारिओ दुप्पट मोठा होतो! घाबरलेल्या मुलाला जबरदस्तीनं खाऊ द्यावा, तसं.

या भागाच्या शेवटाकडे समोरासमोर दोन जिने आहेत. मधे फट, पण फटीत जमीन. पडलात तरी काही होत नाही, वर चढा आणि पुन्हा उडी मारा. थोडं पुढे तसेच दोन जिने पुन्हा येतात. आता मधे खड्डा. आधी पडू देऊन मगच खड्डा दाखवणारे मास्तर मला शाळेत भेटले असते तर गणिताची माझी भीती कमी झाली असती.

हा सगळा खेळ चाळीस किलोबाइटमध्ये बसवलेला आहे. तुमच्या आईच्या मोबाईलमधला एक फोटोसुद्धा याहून कितीतरी मोठा असतो. जागा वाचवायला त्यांनी एकच आकार दोनदा वापरला. आकाशातले ढग आणि जमिनीवरची झुडपं नीट बघा, आकार तोच. पांढरा रंगवला की ढग, हिरवा रंगवला की झुडूप. मी गझल लिहितो. एकच शब्द प्रत्येक शेरात पुन्हा आणायचा आणि दरवेळी त्यानं नवं काही सांगायचं, ही कसरत मला ठाऊक आहे. म्हणून त्या ढगाला मी मनातल्या मनात दाद दिली.

आपल्याकडे हा खेळ घरोघरी पोचला तो मूळ यंत्राच्या स्वस्त नकलांमधून. बाजारात ते यंत्र आणि पिवळ्या-काळ्या कॅसेटी मिळत. खेळ लागला नाही की कॅसेट काढून फुंकर मारायची. माझ्या लेकीनं 2002 साली हट्ट करून असं एक यंत्र घ्यायला लावलं. ती तेव्हा नऊ वर्षांची होती.

आता माझी चूक. त्या खेळात तेव्हा डाव साठवून ठेवायची सोय नव्हती. यंत्र बंद झालं की पुन्हा पहिल्या जगापासून. भारनियमनाचे दिवस, त्यामुळे लेकीचे कितीतरी डाव अर्ध्यात बुडायचे. ती कुरकुरत नसे, वीज आली की पुन्हा बसायची. सहामाहीत गणितात मार्क कमी पडले. प्रगतिपुस्तक हातात घेऊन मी आत गेलो आणि भिंतीतून वायर ओढली. ती एवढंच म्हणाली, “अब्बा, आठव्या जगात पोचले होते.” आठवं जग म्हणजे काय, हे मी विचारलं नाही. महिन्याभरात यंत्र भंगारवाल्याला दिलं. हातातल्या प्रगतिपुस्तकाहून मोठं प्रगतिपुस्तक समोरच्या पडद्यावर होतं, ते मला वाचता येत नव्हतं.

तीच लेक आता बँकेत हिशेब तपासते. परवा तिनं तिच्या मुलासाठी तसलंच एक यंत्र आणलं. नातू सहा वर्षांचा. त्यानं मला शेजारी बसवलं, हातात बटणं दिली आणि मी पहिल्याच तपकिरी बुटक्यावर जाऊन आदळलो. “नाना, उडी!” तो ओरडला. तिसऱ्या खेपेला जमलं. चौथ्या नळाशी मी थांबलो आणि लेकीला विचारलं, “आठव्या जगात पुढे काय असतं गं?”

“मला कुठं माहीत, अब्बा?” ती हसत म्हणाली. “तुम्ही वायर ओढली होती ना.”

मग तिनं पर्स खाली ठेवली, पोराला जरा सरकवून माझ्या हातातली बटणं घेतली. रात्री जेवायला हाक मारली तेव्हा मायलेक पाचव्या जगात होते. मी म्हटलं, जेवण झाकून ठेवू या.