डिसिड्युअस : वाक्यात उपयोग करा
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



मघाशी दारात नावनोंदणी चालू होती, तेवढ्यात मागून हाक आली, "काय बे डेकिडू!" चाळीस वर्षांहून जास्त काळ लोटला, पण हाक मारणाऱ्याचा आवाज लगेच ओळखला. सौ.ने विचारले, "हे कुठलं नाव?" तेव्हाच ठरवले की आज त्या नावाचीच गोष्ट सांगायची.

आपला नववीचा वर्ग होता, 1982 सालची सुरुवात. गडचिरोली तेव्हा आपल्याच जिल्ह्यात होते. ते वेगळे झाले त्याच वर्षी 26 ऑगस्टला. सरांनी भारतातल्या जंगलांवरचा एक इंग्रजी उतारा फळ्यावर लिहिला आणि वाचायला मला उभे केले. आपल्याला इंग्रजी पाचवीपासून, त्यामुळे दिसेल तसे वाचायचे हीच रीत. मी मोठ्याने वाचले, "डेकिडुअस फॉरेस्ट." सगळा वर्ग हसला. खरे तर हसणाऱ्यांपैकीही कुणाला तो शब्द येत नव्हता, पण नाव मला पडले.

सर हसले नाहीत. त्यांनी खिडकीबाहेरच्या सागाकडे बोट दाखवले. निम्मी पाने गळून गेली होती. म्हणाले, "डिसिड्युअस. आपण भूगोलात पानझडी म्हणतो तेच. लक्षात ठेवायचं असेल तर 'डिसाइड' आठवा. झाड ठरवतं, आता पानं नकोत." मग फळ्याच्या कोपऱ्यात गृहपाठ लिहिला : डिसिड्युअस, वाक्यात उपयोग करा. मी ती ओळ वहीत कोरी सोडली. हसे झालेला शब्द पुन्हा हातात घ्यायची इच्छा नव्हती.

पुढे नोकरी बँकेत लागली आणि फिरत फिरत गडचिरोलीतल्या एका शाखेत आलो. वनोपज गोळा करून, वाळवून विकणाऱ्या बायकांच्या बचत गटाचे एक कर्जप्रकरण आमच्याकडे होते. तपासणीसाठी मोठ्या शहरातून एक साहेब आले. एप्रिलचा पहिला आठवडा होता. बल्लारपूर, गोंडपिपरी, आष्टी करत आम्ही आलापल्लीकडे निघालो होतो. दोन्ही बाजूंना साग पार ओकाबोका, खाली पाचोळा आणि मधूनमधून वणव्याने काळी झालेली जमीन. साहेबांनी काच खाली केली, बाहेर बघितले आणि इंग्रजीत म्हणाले, "हे तर सगळं मेलेलं जंगल आहे. या बायका यातून काय गोळा करणार?"

एका शब्दाने प्रकरण परत जाणार, हे मला दिसत होते. माझी इंग्रजी बोलायची हिंमत बेताचीच. पण त्या क्षणी तोंडातून निघाले, "नो सर. नॉट डेड. डिसिड्युअस."

साहेब माझ्याकडे बघत राहिले. गाडी थांबवून आम्ही उतरलो. सागाच्या एका काडीची साल मी नखाने खरवडली, आत हिरवी. थोडे पुढे मोहाचे झाड होते. पाने जेमतेम, पण खाली पहाटे गळलेली फुले पसरलेली आणि दोन म्हाताऱ्या टोपलीत ती वेचत होत्या. शेजारच्या कुसुमाला लालभडक पालवी फुटली होती. मी सांगितले, "साहेब, आणखी तीन आठवड्यांनी तेंदूची कोवळी पाने निघतील. मग इथे घराघरांत 70-70 पानांची पुडकी बांधतील. तुम्ही ज्याला मेलेलं म्हणता, त्या महिन्यांतच या लोकांची वर्षाची मोठी कमाई होते." प्रकरण मंजूर झाले. ते केवळ माझ्या शब्दामुळे झाले असे म्हणणार नाही, कागदपत्रेही पूर्ण होती. पण तो शब्द आला नसता, तर गाडी थांबली नसती.

त्यानंतर मी त्या शब्दाच्या मागेच लागलो. कळले की वनखात्याच्या 1968 सालच्या चॅम्पियन आणि सेठ यांच्या वर्गीकरणात आपल्याकडच्या बऱ्याचशा जंगलाचे नावच 'सदर्न ट्रॉपिकल ड्राय डेसिड्युअस फॉरेस्ट' आहे. विलायतेत पाने गळतात ती थंडीला आणि लहान होत जाणाऱ्या दिवसांना तोंड देण्यासाठी. शब्दकोशात 'ऑटम'चा अर्थ शरद ऋतू दिलेला असतो, पण आपल्याकडे शरदात जंगल हिरवेगार! आपली झाडे पाने टाकतात ती पाणी वाचवायला, हिवाळा सरताना आणि उन्हाळ्यात. शब्द तोच, कारण वेगळे.

हा शब्द फक्त झाडांचा नाही, हेही मग समजले. दुधाच्या दातांना दंतवैद्य डिसिड्युअस म्हणतात. ताडोब्यातल्या चितळाची आणि सांबराची शिंगे दरवर्षी गळून नवी येतात, तीही डिसिड्युअस. रानगव्याची शिंगे मात्र जन्मभराची, त्यांना हा शब्द चालत नाही. जे वेळ झाली की आपोआप गळते, त्याला तो लावायचा. डोक्यावरच्या केसांना मी तो लावून बघितला, पण परत येण्याची काही चिन्हे नाहीत.

आता सर, तुम्ही पहिल्या रांगेत बसला आहात म्हणून भीतभीत सांगतो. शब्दकोश म्हणतो की तुमची व्युत्पत्ती चुकली होती. लॅटिनमध्ये 'देकिदेरे' अशी दोन क्रियापदे आहेत. 'कि' ऱ्हस्व असेल तर खाली पडणे, त्यातून डिसिड्युअस आला. 'की' दीर्घ असेल तर कापून टाकणे, त्यातून डिसाइड. ऱ्हस्व-दीर्घासाठी आपले मराठीत किती गुण गेले ते आठवा, तिथेही तेच! पण वनस्पतिशास्त्र तुमच्या बाजूने आहे. पान वाऱ्याने नुसते तुटून पडत नाही. झाड आधी पानातले कामाचे अन्नद्रव्य मागे ओढून घेते, मग देठाच्या मुळाशी पेशींचा एक थर तयार करून पान स्वतःच वेगळे करते आणि जखमही बुजवते. म्हणजे झाड खरोखरच कापते. व्युत्पत्ती चुकली, पण झाड तुम्ही बरोबर शिकवलेत.

आणि मित्रांनो, आणखी एक. जुन्या लॅटिन उच्चारात 'सी' या अक्षराचा उच्चार 'क' असाच होता. म्हणजे रोमन लोक 'देकिदुउस' म्हणत असणार. तेव्हा हसलेल्यांनी आज मागच्या बाकावर जाऊन उभे राहावे!

थट्टा सोडा. त्याच 'पडणे' या मुळातून इंग्रजीत 'डिके' म्हणजे कुजणे, क्षय हा शब्दही आला आहे. पडणे दोघांतही आहे, पण कोणता शब्द कशाला लावायचा हे जवळ जाऊन, साल खरवडून बघितल्याशिवाय कळत नाही. गाडीच्या काचेतून बघणाऱ्याला एप्रिलमधला साग आणि वठलेला साग सारखाच दिसतो. आपल्या या दोन जिल्ह्यांना, इथल्या माणसांना आणि मराठी शाळेत शिकलेल्या आपल्यासारख्या पोरांनाही अनेकांनी असेच काचेतून पाहिले आहे. त्यांना उत्तर द्यायला नेमका शब्द लागतो. तो मला या शाळेने दिला, आणि तोही हसे झालेल्या दिवशी.

सर, नववीचा गृहपाठ आज पूर्ण करतो. वाक्य असे : "अवर फॉरेस्ट इज नॉट डेड, इट इज डिसिड्युअस."

उशिरा दिल्याबद्दल जे गुण कापायचे ते कापा, पण वहीवर सही मात्र द्या.