रोख्यावर सही कोणाची?

(जबलपूर येथे मराठी भाषक साथींच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



उच्च शिक्षणाच्या अर्थकारणावर बोलण्यासाठी खरे तर अर्थशास्त्राच्या एखाद्या प्राध्यापकाला पाचारण करावयास हवे होते. मी कला शाखेची पदवीधर. माझे रोजचे काम भाषांतराचे. परंतु हा विषय माझ्यापुढे आला तो भाषांतराच्याच निमित्ताने. 4 जुलै 2018 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने उच्च शिक्षण संस्थांच्या वित्तपुरवठ्याविषयी एक निर्णय घेतला. त्याचे सरकारी निवेदन मराठीत उतरवताना एका शब्दप्रयोगापाशी माझी लेखणी अडली. शिक्षणसंस्थांनी कर्जाची मुद्दल ‘अंतर्गत निर्माण झालेल्या साधनांतून’ फेडावी, अशा अर्थाचे ते वाक्य होते. शब्द सोपे होते. अडचण अर्थाची होती. महाविद्यालयाच्या आवारात कोणते साधन ‘अंतर्गत’ निर्माण होते? तेथे खाण नसते, कारखाना नसतो. तेथे असतात विद्यार्थी. त्यांचे शिक्षणशुल्क, वसतिगृहाचे भाडे, परीक्षा शुल्क. मोठ्या तांत्रिक संस्थांत थोडे सल्लागारीचे आणि देणग्यांचे उत्पन्न. म्हणजे त्या गोंडस शब्दप्रयोगाचा बहुतेक ठिकाणी एकच अर्थ उरतो, आणि तो म्हणजे विद्यार्थ्याच्या पालकाचा खिसा.

म्हणून आज मी आपल्यापुढे एकच प्रश्न ठेवणार आहे. शिक्षणासाठी कर्ज काढावे की नाही, हा तो प्रश्न नव्हे. कर्जरोख्यावर सही कोणाची, आणि मंदी आली म्हणजे हप्ता कोणाच्या खिशातून जातो, हा खरा प्रश्न आहे.

अनुदानाच्या जागी कर्ज

प्रथम वस्तुस्थिती पाहू. 2016-17 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात उच्च शिक्षणाला कर्ज देणारी एक वित्तसंस्था स्थापण्याची घोषणा झाली. 2017 साली केंद्र सरकार आणि कॅनरा बँक यांच्या भागीदारीत ती कंपनी म्हणून नोंदवली गेली. ‘हेफा’ या नावाने ती ओळखली जाते. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये तिने सहा संस्थांसाठी दोन हजार कोटी रुपयांहून अधिक रकमेची कर्जे मंजूर केली. पवईची आयआयटी त्यांपैकी एक. 2018-19 च्या अर्थसंकल्पात चार वर्षांत एक लाख कोटी रुपये उभारण्याचे उद्दिष्ट जाहीर झाले, आणि जुलै 2018 च्या निर्णयाने हेफाचे भांडवल दहा हजार कोटींपर्यंत वाढविण्यास मान्यता मिळाली. उरलेला पैसा सरकारी हमीच्या कर्जरोख्यांतून आणि व्यापारी कर्जांतून उभा करावयाचा होता.

कर्जफेडीची मुदत दहा वर्षांची. व्याज सरकार अनुदानातून भरणार; मुद्दलीच्या बाबतीत मात्र संस्थांचे वर्ग पाडले गेले. दहा वर्षांहून जुन्या तांत्रिक संस्थांनी सगळी मुद्दल स्वतः फेडावयाची. 2008 ते 2014 या काळात निघालेल्या तांत्रिक संस्थांनी पंचवीस टक्के, 2014 पूर्वीच्या केंद्रीय विद्यापीठांनी दहा टक्के फेडावयाची. त्यानंतरच्या नव्या संस्थांचा आणि नव्या ‘एम्स’सारख्या आरोग्य संस्थांचा भार सरकार उचलणार.

हे वर्ग आपल्या प्रदेशाला लावून पाहा. जबलपूरची माहिती तंत्रज्ञान, अभिकल्प व निर्मिती संस्था 2005 सालची. स्थापनावर्ष पाहता ती संपूर्ण मुद्दल फेडणाऱ्यांच्या रांगेत बसते. सागरचे विद्यापीठ 2009 पासून केंद्रीय, अमरकंटकचे आदिवासी विद्यापीठ 2007 च्या कायद्याने झालेले. ही दोन्ही दहा टक्क्यांच्या वर्गात येतात. सागरच्या विद्यापीठाचा उल्लेख मी मुद्दाम करते. 1946 साली डॉ. हरिसिंग गौर यांनी वकिलीत मिळवलेली आपली संपत्ती देऊन ते उभे केले. हे गृहस्थ नागपूर विद्यापीठाचेही कुलगुरू होते. त्यांनी पैसा दिला तो दान म्हणून. कोणत्याही विद्यार्थ्याला त्याची परतफेड करावी लागली नाही. महाराष्ट्रात कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेसाठी घराघरांतून मूठमूठ धान्य गोळा झाले, तेही परतफेडीच्या बोलीवर नव्हे. त्या काळी राज्य परक्यांचे होते, म्हणून जनतेला हे करावे लागले. स्वातंत्र्यानंतर तीच जबाबदारी अनुदानाच्या रूपाने राज्याने पत्करली. आता अनुदानाची जागा कर्ज घेऊ लागले आहे.

येथे कोणी म्हणेल की, व्याज सरकार भरते, विद्यापीठांना तर मुद्दलीचाही दहावाच हिस्सा द्यावयाचा आहे, मग एवढी ओरड कशासाठी? हा आक्षेप टाळून चालणार नाही. परंतु उलट प्रश्नही विचारला पाहिजे. व्याज आणि नव्वद टक्के मुद्दल जर सरकारच भरणार असेल, तर कर्जाचा हा वळसा कशासाठी? सरळ अनुदान का नाही? याचे उत्तर हिशेबाच्या वह्यांत आहे. अनुदान दिले की ते यंदाच्या खर्चात दिसते आणि तूट वाढते. कंपनीमार्फत कर्ज दिले की इमारत यंदा उभी राहते आणि खर्च पुढील दहा वर्षांवर पसरतो. यंदाची तूट नियंत्रणात असल्याचे दाखवता येते.

ही युक्ती नवी नाही. महाराष्ट्रातील साथींना कृष्णा खोरे विकास महामंडळ आठवत असेल. 1996 साली ते स्थापन झाले आणि राज्य सरकारच्या हमीवर कर्जरोखे काढून त्याने पैसा उभा केला. धरणे व कालवे रखडले, पाणीपट्टीतून व्याजही निघेना, आणि अखेर बोजा राज्याच्या तिजोरीवरच आला. तेथे निदान शेतकऱ्याला वेठीस धरून वसुली करणे शक्य नव्हते. शिक्षणसंस्थेचे तसे नाही. प्रवेशाच्या खिडकीपाशी उभ्या असलेल्या विद्यार्थ्याकडून वसुली करणे फार सोपे असते.

मंदीत हप्ता थांबत नाही

कर्जाचे खरे रूप मंदीत कळते. शिक्षणसंस्थेच्या उत्पन्नाचे मुख्य मार्ग तीन: सरकारी अनुदान, विद्यार्थ्यांचे शुल्क, आणि देणग्या वा सल्लागारी. अर्थव्यवस्थेवर अरिष्ट आले की कराचे उत्पन्न घटते, म्हणून अनुदानाला कात्री लागते. उद्योगधंदे आखडतात, म्हणून देणग्या आटतात. संस्थेच्या स्वतःच्या हातात उरते ते एकच: शुल्क. हेफाच्या व्यवस्थेत तर संस्थेने आपल्या अंतर्गत जमेतील ठरावीक रक्कम दहा वर्षे कर्जफेडीसाठी वेगळ्या खात्यात बाजूला काढावयाची असते. म्हणजे शिक्षकाची रिकामी जागा, प्रयोगशाळेतील रसायने, ग्रंथालयातील नियतकालिके या सर्वांच्या आधी धनको रांगेत उभा. पगार लांबू शकतो, भरती थांबू शकते; हप्ता थांबत नाही.

2020 साली आपण हे अरिष्ट पाहिले. एप्रिल ते जून या तिमाहीत देशाचे सकल उत्पन्न, पहिल्या सरकारी अंदाजानुसार, जवळजवळ एक-चतुर्थांशाने घटले. जूनमध्ये केंद्राच्या अर्थखात्याने त्या आर्थिक वर्षापुरत्या नव्या योजनांना स्थगिती दिली. मार्चपासून वसतिगृहे ओस पडली होती. त्याच महिन्यांत लाखो घरांतील मिळकत बंद झाली होती. म्हणजे अनुदान, संस्थेची जमा आणि पालकाची ऐपत ही तिन्ही एकाच वेळी खाली आली. कर्जाचे वेळापत्रक मात्र तेजी-मंदी ओळखत नाही.

आकडा मनात बसावा म्हणून एक काल्पनिक उदाहरण घेऊ. शंभर कोटींची इमारत, दहा वर्षांची मुदत, संपूर्ण मुद्दल संस्थेवर, आणि संस्थेत पाच हजार विद्यार्थी. वर्षाला दहा कोटी म्हणजे दरडोई वीस हजार रुपये. दहा टक्क्यांच्या वर्गात हाच आकडा दोन हजार होतो. दोन हजार फार नाहीत, असे वाटेल. परंतु तत्त्व एकदा मान्य झाले की टक्केवारी बदलण्यास एक परिपत्रक पुरते.

जबलपूर हे कामगारांचे शहर आहे. तोफगाडी कारखाना 1904 चा, खमरियाचा दारूगोळा कारखाना 1942 चा, वाहन कारखाना 1969 चा. या कारखान्यांतील कायम नोकरीच्या भरवशावर येथल्या पिढ्या शिकल्या. त्यांत मराठी घरेही आली. 1 ऑक्टोबर 2021 पासून देशातील आयुध कारखाने सात कंपन्यांत विभागले गेले. ज्या घरात बापाची नोकरी कायम आणि मुलाची कंत्राटी, त्या घराला दोन हजारांची आणि वीस हजारांची वाढ सारखी दिसत नाही. असे घर एकाच शिक्षणासाठी तीनदा पैसे मोजते: एकदा कराच्या रूपाने, एकदा शुल्काच्या रूपाने, आणि शुल्कासाठी बँकेकडून काढलेल्या शैक्षणिक कर्जाच्या व्याजाच्या रूपाने.

सगळी शुल्कवाढ हेफाच्या कर्जामुळेच झाली, असे म्हणणे खोटे ठरेल. आयआयटीचे पदवीचे वार्षिक शिक्षणशुल्क नव्वद हजारांवरून दोन लाखांवर गेले ते 2016 साली, पहिले कर्ज मंजूर होण्यापूर्वीच. अनुसूचित जाती-जमातींच्या आणि अत्यल्प उत्पन्नाच्या विद्यार्थ्यांना त्यातून सूट दिली गेली, हेही सांगितले पाहिजे. परंतु शुल्कवाढ आणि हेफाची घोषणा ही एकाच वर्षातली, एकाच धोरणाची दोन अंगे आहेत. संस्थेने स्वतःच्या पायावर उभे राहावे, असे या धोरणाचे म्हणणे. आणि ते पाय विद्यार्थ्याचे.

परदेशातील अनुभव

हा मार्ग ज्यांनी आपल्या आधी चोखाळला, त्यांचे काय झाले? अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठ हे सार्वजनिक विद्यापीठ. 2008 च्या वित्तीय अरिष्टानंतर राज्य सरकारने त्याच्या अनुदानात मोठी कपात केली. नोव्हेंबर 2009 मध्ये विद्यापीठाच्या नियामक मंडळाने शुल्क 32 टक्क्यांनी वाढविले आणि विद्यार्थ्यांनी इमारतींचा ताबा घेऊन त्याला विरोध केला. त्याच सुमारास तेथील प्राध्यापक संघटनांचे अध्यक्ष रॉबर्ट मायस्टर यांनी एक गोष्ट चव्हाट्यावर आणली. बांधकामासाठी काढलेल्या कर्जरोख्यांच्या मागे विद्यार्थ्यांचे शुल्क तारण म्हणून उभे होते. शुल्क वाढविण्याची विद्यापीठाची क्षमता हीच रोखे घेणाऱ्यांच्या दृष्टीने त्याची पत होती. राज्याचे अनुदान वर्गासाठीच वापरावे लागते. शुल्काला तसे बंधन नसल्यामुळे धनकोला तेच अधिक प्रिय. पुढे 2012 साली याच विद्यापीठाने 86 कोटी डॉलरचे, शंभर वर्षांच्या मुदतीचे रोखे काढले. त्यांची मुदत 2112 साली संपेल. ज्यांचे आजोबाही अद्याप जन्मलेले नाहीत, अशा विद्यार्थ्यांच्या नावावर हे कर्ज आहे.

न्यूयॉर्कच्या कूपर युनियनची कथा आणखी बोलकी आहे. 1859 साली स्थापन झालेली ही संस्था अनेक दशके सर्व विद्यार्थ्यांना विनामूल्य शिकवीत होती. 2006 साली तिने साडेसतरा कोटी डॉलरचे कर्ज काढले आणि नवी इमारत बांधली. त्यानंतर आले 2008 चे अरिष्ट. 2014 पासून नव्या विद्यार्थ्यांना शुल्क लागू झाले. इमारत राहिली, विनामूल्य शिक्षण गेले.

आपली मागणी

मग मंदीत विद्यापीठे बांधूच नयेत काय? उलट, मंदीतच बांधावीत. मंदीत मजूर बेकार असतो, सिमेंट पडून असते, आणि नोकरी नसलेला तरुण शिकायला येऊ पाहतो. त्यासाठी कर्ज काढावे लागले तरी हरकत नाही. परंतु ते राज्याने स्वतःच्या सहीने, अर्थसंकल्पात उघडपणे दाखवून काढावे, आणि संस्थेला अनुदान म्हणून द्यावे. राज्यापाशी कर बसविण्याचा अधिकार आहे. विद्यापीठापाशी फक्त शुल्क वाढविण्याचा. राज्य ज्याची मिळकत अधिक त्याच्याकडून अधिक घेऊ शकते. प्रवेशाची खिडकी सर्वांकडून सारखेच मागते. इमारतीचा लाभ पुढील पिढ्यांना होणार, तेव्हा त्यांनीही भार उचलावा, हा युक्तिवाद मला मान्य आहे. त्यांनी तो कमावू लागल्यावर, मिळकतीच्या प्रमाणात, कराच्या रूपाने उचलावा; कमावण्यापूर्वी, शिकण्याची अट म्हणून नव्हे.

राष्ट्रीय उत्पन्नाचा सहा टक्के हिस्सा शिक्षणावर खर्च व्हावा, ही शिफारस 1964-66 च्या कोठारी आयोगाची. त्या आयोगाचे सदस्य-सचिव होते कोल्हापूर जिल्ह्यातील जे. पी. नाईक. 1968 च्या धोरणाने तो आकडा स्वीकारला आणि 2020 च्या धोरणातही तो पुन्हा लिहिला गेला. अर्धशतकाहून अधिक काळ जे उद्दिष्ट कागदावर आहे, ते गाठण्याऐवजी संस्थांना कर्जबाजारी करणे हा काही उपाय नव्हे.

हेफाची योजना केंद्रीय संस्थांसाठी आखली गेली. 1956 साली स्थापन झालेले आपले राणी दुर्गावती विद्यापीठ राज्याचे आहे, म्हणून आपण निर्धास्त राहावे असे नाही. मध्य प्रदेशात 1996 पासून सरकारी महाविद्यालयांत जनभागीदारी समित्या आल्या, आणि लोकसहभागाच्या नावाने शुल्काचे नवे रकाने उघडले, हा अनुभव ताजा आहे.

म्हणून एक काम सुचवून मी थांबते. आपापल्या गावातील प्रत्येक केंद्रीय संस्थेकडे माहितीच्या अधिकारात चार गोष्टी मागाव्यात: कर्ज किती, संस्था कोणत्या वर्गात, दरवर्षी वेगळ्या खात्यात किती रक्कम जाते, आणि त्याच दहा वर्षांतील शुल्काचे कोष्टक. हे कागद शेजारी शेजारी मांडून विद्यार्थ्यांच्या, शिक्षकांच्या आणि कारखान्यांतील पालकांच्या सभांत वाचावेत. सरकारी निवेदनाचे भाषांतर करताना मला शब्द बदलता येत नाहीत. ‘अंतर्गत साधने’ असेच लिहावे लागते. सभेत उभे राहून त्यांचा अर्थ सांगण्यास मात्र आपल्याला कोणाची परवानगी लागत नाही.