यंत्राची उमेदवारी

उज्जैनच्या फ्रीगंजमध्ये टावर चौकात सायंकाळी उभे राहिले, म्हणजे घड्याळाच्या मनोऱ्याभोवती दुचाकी गाड्यांची दाटी दिसते. कोणी गाडीला टेकून गप्पा मारीत असतो, तर कोणी नव्या गाडीचा आवाज मित्रांना ऐकवीत असतो. वरच्या घड्याळाकडे क्वचितच कोणी पाहतो. पाच मिनिटांच्या उशिराने तेथे कोणाचे काही बिघडत नाही. परंतु दुचाकीच्याच जगात असाही एक प्रांत आहे, की जेथे सेकंदाचा शंभरावा भाग जय आणि पराजय ठरवितो. त्या प्रांतात एका भारतीय कारखानदाराने सात हंगाम जी धडपड केली, तिची हकीकत या चौकाला अगदीच परकी नाही.

इंदूरच्या पलीकडे पीथमपूर येथे पुण्याच्या फिरोदियांच्या कायनेटिक कंपनीचा स्कूटरचा कारखाना होता. 2008 मध्ये मुंबईच्या महिंद्र उद्योगसमूहाने कायनेटिकचा दुचाकीचा व्यवसाय आपल्याकडे घेतला. जीप आणि ट्रॅक्टर यांत नाव मिळविलेल्या या समूहाला हे क्षेत्र नवीन होते. तरीही 2011 मध्ये त्याने जागतिक अजिंक्यपदाच्या 125 सीसी वर्गात आपला संघ उतरविला. त्याच वर्षी व्हॅलेन्सियाच्या अखेरच्या शर्यतीत डॅनी वेब याने सुरुवातीच्या रांगेतील पहिली जागा पटकावली. आशा वाटावी असाच तो क्षण होता. पण ती शर्यत त्या वर्गाचीही अखेरची ठरली. 2012 पासून मोटो-थ्री हा नवा वर्ग आला. टू-स्ट्रोक इंजिनांची जागा एका सिलिंडरच्या 250 सीसी फोर-स्ट्रोक इंजिनाने घेतली, आणि जे थोडेफार साधले होते ते मागे टाकून पुन्हा श्रीगणेशा करावा लागला.

नव्या नियमांनी इंजिनाचे फेरे मिनिटाला 14,000 पर्यंतच मर्यादित केले होते. नियम सर्वांना सारखे, तेव्हा गाड्याही सारख्याच धावतील, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात घडते ते उलट. या लहान गाड्या घोळक्याने धावतात. पुढच्या गाडीने वारा कापला, की मागच्या गाडीला तिच्या आडोशाने कमी श्रमात तितकाच वेग राखता येतो. मात्र एखादी गाडी वळणातून बाहेर पडताना किंचित उणी पडली, तर तो आडोसा सुटतो. मग तिला एकटीने वारा कापावा लागतो आणि हातभर अंतराचे पाहता पाहता शंभर हात होतात. यंत्रातील तिळाएवढा दोष निकालात ताडाएवढा होतो तो असा. 2012 चा सबंध हंगाम महिंद्राने याच दुष्टचक्रात काढला. पहिल्या तिघांत त्यांची एकही गाडी आली नाही.

अशा वेळी अभिमान गिळावा लागतो. 2013 साठी संघाने स्वित्झर्लंडच्या सूटर या गाड्या घडविणाऱ्या संस्थेचा हात धरला आणि नवी गाडी उभी केली. 13 ऑक्टोबर 2013 रोजी मलेशियात सेपांग येथे पोर्तुगालचा मिगेल ऑलिव्हेरा तिसरा आला. पुढे 2015 मध्ये महिंद्राने स्वतःचा संघ चालविण्याचे सोडून केवळ गाड्या घडवून इतर संघांना पुरविण्याचे ठरविले. स्पेनचा आस्पार संघ त्यांत प्रमुख होता. यात एक शहाणपण होते. गाडी कोठे अडखळते हे स्वार सांगतो आणि का अडखळते हे अभियंता शोधतो. स्वार जितके अधिक, तितके कारखान्याकडे परतणारे ज्ञानही अधिक.

26 जून 2016 रोजी नेदरलँड्समधील आसेन येथे या श्रमांना फळ आले. 1925 पासून शनिवारी होत आलेली ती शर्यत त्या वर्षी प्रथमच रविवारी झाली. इटलीचा फ्रान्चेस्को बन्याया पहिला आला, आणि महिंद्राच्या नावावर जागतिक शर्यतीतील पहिला विजय लागला. त्याच वर्षी सेपांगलाही त्याने जिंकून दाखविले. पुढे बन्याया 2022 व 2023 मध्ये सर्वोच्च वर्गाचा जगज्जेता झाला; आस्पारमधील त्याचा सहकारी होर्हे मार्तीन 2024 मध्ये. दोघांच्याही शिक्षणाची काही वर्षे या भारतीय नावाच्या गाडीवर गेली होती. मात्र 2017 च्या हंगामाअखेर महिंद्राने या शर्यतींचा निरोप घेतला.

मग हा विजय कोणाचा? नाव मुंबईचे, स्वार इटलीचा, संघ स्पेनचा, विद्या बव्हंशी युरोपातली. येथे दुसरे एक उदाहरण आठवते. याच वर्गात महिंद्राला धूळ चारणाऱ्या ऑस्ट्रियाच्या केटीएममध्ये पुण्याच्या बजाज ऑटोने 2007 मध्येच भागीदारी घेतली होती. एकाने उस्तादाच्या घरात वाटा घेतला. दुसऱ्याने स्वतःच्या नावाने आखाड्यात उतरून मार खात खात विद्या मिळविली. व्यवहाराच्या दृष्टीने पहिला मार्ग शहाणपणाचा ठरला, हे मान्य केले पाहिजे.

तथापि उमेदवारीत लाज नाही. कोणताही कारागीर दुसऱ्याच्या भट्टीजवळ बसूनच शिकतो. खंत वाटते ती निराळीच. हाताला वळण लागले, आणि थोड्याच दिवसांत भट्टी विझली. ती भट्टीही दूर युरोपात होती. तेथे मिळालेली विद्या पीथमपूरच्या कामगाराच्या हातात कितपत उतरली, हा प्रश्न चषकाहून मोठा आहे. त्या कारखान्यातून 2018 पासून जावा मोटारसायकली बाहेर पडू लागल्या. म्हणजे हात रिकामे राहिलेले नाहीत. टावर चौकात गाडीचा कान पिळून मित्रांना आवाज ऐकविणाऱ्या मुलांपैकी एखाद्याला, हा आवाज असा का येतो, असा प्रश्न पडला, तर पुढच्या उमेदवारीला तेथूनच आरंभ होईल.