एका मिनिटाचा चित्रप्रपंच

फ्रान्समधील आन्सी या सरोवरकाठच्या नगरात १९६० साली प्रारंभ झालेल्या आंतरराष्ट्रीय अ‍ॅनिमेशन महोत्सवाचा एक शिरस्ता मोठा मनोज्ञ आहे : तेथील खेळांपूर्वी दाखविली जाणारी सुमारे एका मिनिटाची स्वागतपर चित्रफीत पॅरिसच्या गोब्लँ या कलाशाळेतील विद्यार्थी रचतात. एवढ्या अल्प अवधीसाठी हे तरुण प्रथम कथाबीज मुक्रर करतात, मग पात्रांची मुद्रा, चाल व वेश कागदावर सिद्ध करून प्रसंगांची चित्ररूप आखणी करतात, आणि त्यानंतरच हालचालींच्या मुख्य अवस्था व त्यांमधील दुवे रेखाटतात. कारण सेकंदाला २४ चौकटी या हिशेबाने मिनिटाला १४४० चौकटी भरतात, आणि एकेक चित्र दोन चौकटी टिकविले तरी ७२० चित्रांची बेगमी करावी लागते.

पूर्वपरिचित पात्राचा आधार नसताना नायक कोण व त्याची आकांक्षा काय, हे केवळ त्याच्या हालचालींतून क्षणार्धात प्रेक्षकांच्या प्रत्ययास आणणे, हीच येथील खरी कसोटी होय. म्हणून अशाच अल्प अवधीत आपल्या कल्पित चित्रपटाची झलक रचू पाहणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने आयत्या पात्रांची नक्कल टाळून, संगणकाला हात लावण्यापूर्वी, आपल्या पात्राचा स्वभाव कागदावर निश्चित करावा.