एका यंत्रात अनेक यंत्रे
(ज्ञातिसभेच्या व्यावसायिक मेळाव्यात दिलेले भाषण)



आपल्या ज्ञातीत पेढ्या, छापखाने, औषधांची घाऊक दुकाने व लहान कारखाने चालविणारे पुष्कळ आहेत. त्यांपैकी अनेकांच्या कचेरीत आज एक सर्व्हर असतो आणि हिशेब, मालसाठा, हजेरीपट हे सारे त्यावरच नांदत असते. अशा एका यंत्रात तीन-चार स्वतंत्र आभासी यंत्रे चालविण्याची जी सोय, तिला व्हर्च्युअलायझेशन म्हणतात. ही कल्पना नवी नव्हे. आयबीएमने १९७२ मध्येच आपल्या मोठ्या संगणकांसाठी ती गिऱ्हाइकांना रीतसर देऊ केली होती. साध्या सर्व्हरवर ती रूढ करण्याचे श्रेय मात्र १९९८ साली स्थापन झालेल्या व्हीएमवेअरकडे जाते.

आज हा विषय काढण्याचे कारणही तीच कंपनी होय. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने ती विकत घेतली आणि पुढच्याच महिन्यात कायमचे परवाने विकणे बंद करून वर्गणीची पद्धत आणली. जुने परवाने रद्द झाले नाहीत हे खरे. तथापि नवे साहाय्य हवे असल्यास वर्गणीवाचून मार्ग उरला नाही. आकारणी प्रोसेसरमधील कोअरांवर होते आणि प्रत्येक प्रोसेसरमागे किमान १६ कोअर धरले जातात. म्हणजे आठ कोअरांचा प्रोसेसर घेणाऱ्या लहान दुकानदाराने सोळांचे पैसे मोजावयाचे! अनेकांकडे असलेल्या व्हीस्फिअरच्या सातव्या आवृत्तीचे सर्वसाधारण साहाय्यही २ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. माल उत्तम आहे, याविषयी आमचा वाद नाही. परंतु एक-दोन सर्व्हर असणारा गिऱ्हाईक या दुकानाच्या हिशेबात उरलेला नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मग पर्याय कोणते? ज्याने विंडोज सर्व्हरचा परवाना घेतलाच आहे, त्याला मायक्रोसॉफ्टचे हायपर-व्ही त्यातच मिळते. स्टँडर्ड परवान्यात सर्व कोअरांची भरती केली, की विंडोज सर्व्हरची दोन आभासी यंत्रे चालविता येतात. निराळे मिळणारे विनामूल्य हायपर-व्ही सर्व्हर मात्र २०१९च्या आवृत्तीवरच थांबले. दुसरा पर्याय व्हिएन्ना येथील प्रॉक्समॉक्सचा. ते २००८ पासून उपलब्ध आहे, लिनक्सवर चालते, आणि मोल न देता वापरता येते. वर्गणी द्यावयाची ती साहाय्यासाठी व अधिक पारखलेल्या सुधारणांसाठी. फ्रान्समधून येणारे एक्ससीपी-एनजीही चांगले आहे, पण ते जाणणारा कारागीर आपल्याकडे त्या मानाने विरळा.

येथे पुष्कळांचा एक घोटाळा होतो. प्रॉक्समॉक्स विनामूल्य आहे म्हणून त्याच्या आत चालणारे विंडोज विनामूल्य होत नाही. त्याचा परवाना घ्यावाच लागतो. तसेच हिशेबाच्या किंवा आराखड्यांच्या काही जुन्या प्रणाली यूएसबी डोंगलशिवाय उघडत नाहीत. असा डोंगल आतल्या यंत्रास थेट जोडण्याची सोय प्रॉक्समॉक्समध्ये आहे, हायपर-व्हीमध्ये नाही. एवढ्या बोटभर वस्तूवरून साऱ्या निवडीचा निकाल लागू शकतो!

विक्रेते तीन सर्व्हरांच्या समूहाची भलावण करतात. दहा-पंधरा माणसांच्या पेढीस त्याची गरज क्वचितच पडते. एक चांगला सर्व्हर, आणि बॅकअपसाठी दुसरे साधे यंत्र, तेही दुसऱ्या जागी, इतके बहुधा पुरे. बॅकअप त्याच सर्व्हरवर ठेवणे म्हणजे तिजोरीची दुसरी किल्ली तिजोरीतच ठेवणे. ज्यांची पेढी कंपनी म्हणून नोंदलेली आहे आणि वह्या संगणकावर आहेत, त्यांना तर २०२२च्या नियमदुरुस्तीपासून हिशेबाच्या वह्यांचा बॅकअप भारतातील सर्व्हरवर रोजच्या रोज ठेवणे बंधनकारक आहे.

सबब खरेदीपूर्वी एक परीक्षा अवश्य घ्यावी. एखाद्या जुन्या यंत्रावर निवडलेली प्रणाली बसवावी, आपल्या हिशेबाच्या यंत्राची प्रत तीवर उतरवावी, आणि कालच्या बॅकअपवरून ते पुन्हा उभे करण्यास किती वेळ लागतो ते घड्याळ लावून पाहावे. हे काम विक्रेत्याने नव्हे, तर मध्यरात्री ज्याला आपण बोलावणार त्या माणसाने करावे. तो विंडोज जाणणारा असेल तर हायपर-व्ही, लिनक्स जाणणारा असेल तर प्रॉक्समॉक्स. बाकीचे गुणदोष आम्ही याच्या मागे ठेवतो.

ज्या बंधुभगिनींनी आपल्या परवान्यांची कागदपत्रे बरोबर आणली आहेत, त्यांची ती आम्ही चहापानानंतर मागच्या दालनात पाहणार आहोत.